आमच्या कलमांना काही घातलेलं नाही

दमलोय मी. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना तुम्ही म्हणायला नको की हा म्हातारा सारखा कुरकुरतो. रत्नागिरीतल्या एका कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत मी एकोणतीस वर्षं परिचर आहे. परिचर म्हणजे काचेची भांडी धुणारा, गॅस पेटवणारा, पोरांनी फोडलेल्या वस्तू वहीत लिहिणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा. निवृत्तीला एक वर्ष राहिलंय. नाव सदानंद, पण सदू म्हटल्याशिवाय कोणाला ओळख पटत नाही.

पावसच्या वाटेवर कातळावर आमची अकरा कलमं आहेत, हापूसची. वडिलांनी सुरुंग लावून खड्डे फोडले, डोक्यावरून माती आणून भरली आणि लावली. त्यांचा एकच हेका होता, झाडाला औषध घालायचं नाही. औषध म्हणजे ते, भर पावसाळ्यात बुंध्याभोवती खड्डे मारून ओततात ते. संजीवक म्हणतात त्याला. झाडाची पालवी आवरते, मोहोर लवकर येतो, आंबा सगळ्यांच्या आधी वाशीच्या बाजारात जातो. वडील म्हणायचे, झाडाला चाबूक मारून पळवायचं आणि मेलं की रडायचं, असला धंदा आपल्याला नको.

वडील गेले. मला नोकरी, भाऊ मुंबईला, बागेत राबायला कोण? इथे सगळे करतात तेच मी केलं. कलमं कराराने दिली. करार म्हणजे झाडं आपली, हंगाम दुसऱ्याचा. राखण, फवारणी, तोडणी सगळं तो बघणार. आमचा करारदार राजिवड्याचा गनी. माणूस सरळ. पहिल्याच वर्षी ओटीवर बसून चहा पिताना म्हणाला, "काका, मी औषध घालणार. मापात घालीन, झाड मारणार नाय. पण तुम्ही कागदावर लिहून घ्या, मागाहून बोलणं नको." मी कागद केला नाही. मी म्हटलं, तुला काय करायचं ते कर, मला सांगू नको. ऑगस्टात तो पंप आणि पहारी घेऊन आला, तेव्हा मी मुद्दाम कॉलेजात सुट्टीच्या दिवशीही जाऊन बसलो.

आणि आता ही गोष्ट तुम्ही कोकणातले असाल तर तुम्हाला सांगायला नको. आंबा घ्यायला आलेलं गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारतं, औषध घालता का? आणि अख्ख्या जिल्ह्यातला प्रत्येक बागवाला एकच उत्तर देतो, छे हो, आमच्या कलमांना काही घातलेलं नाही, शेणखतावर आहेत. विचार करून खोटं बोलतो असंही नाही. ते तोंडातून आपोआप येतं, कोणी कसं आहे विचारल्यावर बरं आहे म्हणतो ना, तसं.

तीन वर्षांपूर्वी राजश्री मॅडमनी मला केबिनमध्ये बोलावलं. त्या आमच्या विभागप्रमुख. शेजारी वेदिका बसली होती. सावर्ड्याची पोरगी, आमच्याच कॉलेजची जुनी विद्यार्थिनी, मॅडमच्या हाताखाली पीएचडीला लागलेली. मॅडमनी समजावून सांगितलं. झाडाला मोहोर भरमसाट येतो, फळं धरतात, पण सगळी पोसणं झाडाला झेपत नाही. मग झाडच ठरवतं कोणती ठेवायची आणि कोणती टाकायची. तसा निरोप देणारं एक रसायन झाड स्वतः तयार करतं. माणसात जशी संप्रेरकं, तशी ही झाडाची. अशा रसायनांपैकी काही विषाणूंनाही अडवतात असं जगात काही ठिकाणी दिसलंय. तेव्हा सुपारीएवढी होऊन गळलेली कैरी घ्यायची, तिचा अर्क काढायचा आणि डेंग्यूच्या विषाणूवर चालतो का ते पाहायचं. विषाणूचं काम आपल्याकडे होत नाही, ते पुण्याच्या प्रयोगशाळेत. आपण फक्त अर्क पाठवायचा.

मला ते पटलं. फुकट गळून सडणाऱ्या कैरीतून डेंग्यूचं औषध निघणार असेल तर कोणाला नको आहे? दर पावसाळ्यात निम्मी आळी तापाने फणफणलेली असते. मी म्हटलं, आमच्या बागेतून आणतो की पोतंभर. तेव्हा वेदिकाने विचारलं, "काका, तुमच्या कलमांना संजीवक वगैरे काही दिलंय का? दिलं असेल तर चालणार नाही." आणि मी म्हणालो, "छे गो, आमच्या कलमांना काही घातलेलं नाही. शेणखतावर आहेत."

झालं. एवढंच मी केलं. तिला गिऱ्हाईक समजून उत्तर दिलं. तिने एक पत्रक पुढे केलं, बागमालकाचं नाव, झाडांचं वय, जमीन, आणि खाली हेच वाक्य छापलेलं. मी सही ठोकली. कॉलेजात मी रोज दहा कागदांवर सही करतो, त्यातला हा एक.

वेदिकाने आठ बागांतून कैरी आणली होती. गुहागरहून तर स्वतः बसने जाऊन दोन पिशव्या घेऊन आली, हाताला वळ उठले होते. आठ अर्क केले. मीच ढवळले, मीच गाळले. बर्फाच्या डब्यात घालून पुण्याला जाणाऱ्या गाडीत ठेवायलाही मीच गेलो. तिकडे ते माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशी वाढवतात आणि त्यांच्यावर विषाणू सोडतात म्हणे. पेशींना माकडाशिवाय कोणी मिळालं नाही का, असं मी विचारलं, तर वेदिका हसता हसता खुर्चीवरून पडायची राहिली. तेव्हा हसायची ती.

महिन्याने निकाल आला. सात बागांच्या अर्काने काहीच केलं नव्हतं. आठव्याने विषाणूची वाढ दहाव्या हिश्शावर आणली होती. आठवी बाग आमची.

मॅडमनी पेढे आणले. कातळावरची झाडं, पाणी कमी, म्हणून ताण जास्त, म्हणून त्या रसायनाचं प्रमाण जास्त, असं त्यांनी फळ्यावर लिहून दाखवलं. मी पेढा खाल्ला. खरं सांगतो, तेव्हा माझ्या डोक्यात दुसरं काही आलं नाही. उलट वडिलांची आठवण आली, आणि कातळ फोडल्याचं चीज झालं असं वाटून डोळ्यांत पाणी आलं. मूर्खासारखं.

मग दुसऱ्या वर्षी घोळ सुरू झाला. वेदिकाने ते रसायन शुद्ध स्वरूपात बाहेरून मागवलं. पुण्याला ते पेशींवर घातलं तर आमच्या कैरीच्या पावपटही काम होईना. म्हणजे कैरीत आणखी काहीतरी आहे, असं ती म्हणायला लागली. आमच्याकडे एक जुनं यंत्र आहे. त्यात अर्क सोडला की त्यातली द्रव्यं एकेक करून बाहेर पडतात आणि संगणकाच्या पडद्यावर त्यांचे उंचवटे उठतात. आमच्या कैरीच्या अर्कात सतराव्या मिनिटाला एक उंचवटा यायचा. बाकी सात बागांच्या अर्कात तो नव्हता. तो कशाचा हे काही केल्या तिला सापडेना. पुस्तकातल्या कुठल्याच संप्रेरकाशी जुळेना. एक दिवस ती हळूच म्हणाली, "काका, हे नवीनच असेल तर? कोणालाच माहीत नसलेलं?"

त्या उंचवट्यापायी तिचं दीड वर्ष गेलं. शिष्यवृत्ती संपली. तासिकेवर शिकवायला लागली, त्याचे पैसे सहा सहा महिने येत नाहीत. मांडवीला एका खोलीत राहायची, सकाळी वर्ग, दुपारी यंत्र, संध्याकाळी पुन्हा यंत्र. सावर्ड्याला घरी जायचं टाळायला लागली, कारण गेलं की लग्नाचं काढतात. बत्तीस पूर्ण झाली. डोळ्यांखाली काळं, केस गळायला लागलेले. डबा उघडून तशीच बसून राहायची, मला ओरडावं लागायचं, जेव मेले, नाहीतर विषाणू तुलाच खाईल.

आणि मला कळलं कधी? तेच तर. नेमका दिवस सांगता येत नाही. हळूहळू कळत गेलं आणि मी ते हळूहळू बाजूला सारत गेलो. एकदा मी तिला विचारून पाहिलं, समज, एखाद्या बागेत औषध घातलेलं असलं तर काय होईल? ती यंत्राकडे बघतच म्हणाली, "मग सगळं पाण्यात काका. पण तुमची बाग आहे म्हणून ती काळजी नाही." आज सांगू, उद्या सांगू करत आणखी एक हंगाम गेला. दर हंगामाला नवी कैरी, नवं पत्रक, नवी सही. पहिली सही चुकून झाली म्हणा हवं तर. पुढच्या दोन चुकून झाल्या नाहीत.

या मार्चात एका स्थानिक पेपरात बातमी आली. गळलेल्या कैरीत विषाणूला रोखणारं द्रव्य, रत्नागिरीच्या संशोधिकेचं यश, वगैरे. पुण्याला एक परिषद होती, तिथे वेदिका ते नवीन द्रव्य मांडणार होती. तिथल्याच एका संस्थेत जागा निघाली होती, आणि तिचं काम ऐकायला त्या संस्थेचे मोठे सर येणार होते. सोमवारी परिषद. गुरुवारी संध्याकाळी मी बागेत गेलो तर गनी आंब्याच्या पेटीवर बसून तोच पेपर वाचत होता.

त्याने पेपराची नीट घडी केली. मग म्हणाला, "काका, तुमच्याच बागेत गुण आला, बाकीच्या सात बागांत नाय आला, नावं दिली आहेत इथे. त्या सात जणांनी खरंच औषध घातलेलं नाय, आमच्या धंद्यात ते लपत नाय, आपण घातलंय. मी दहावी नापास माणूस, पण एवढा हिशोब मलाही येतो. त्या पोरीला सांगितलंय ना तुम्ही?"

मी पेटीतला पेंढा सरळ करायला लागलो. त्याच्या लक्षात आलं. गेल्या वर्षी त्याची मुलगी हुदा डेंग्यूने आठ दिवस सिव्हिलमध्ये होती. तो म्हणाला, उद्या कोणी ही बातमी वाचून आमच्या बागेतली कैरी उकळून तापाच्या पोराला पाजली तर? एवढंच म्हणून तो उठला आणि कामगारांवर ओरडायला गेला. माझ्यावर ओरडला असता तर बरं झालं असतं.

खाई त्याला खवखवे. शुक्रवार मी रजा टाकून घरात काढला. बायको विचारत राहिली, दुखतंय का कुठे. काय सांगू? सांगितलं तर पोरीची तीन वर्षं बुडतात. नाही सांगितलं तर सोमवारी ती भरल्या सभेत उभी राहून बागेत ओतायचं औषध निसर्गातलं नवीन द्रव्य म्हणून दाखवणार, आणि तिथे बसलेल्यांपैकी एखादा हुशार माणूस ते ओळखणार. मग तीन वर्षंच नाही, नावही जाणार.

शनिवारी दुपारी, पोरं गेल्यावर, मी प्रयोगशाळेत गेलो. वेदिका संगणकावर परिषदेची चित्रं लावत होती. तो सतराव्या मिनिटाचा उंचवटा तिने लाल रंगात रंगवला होता. मी उभ्यानेच सांगितलं. बसलो असतो तर बोललो नसतो.

"बाय, आमच्या कलमांना औषध घालतात. गनी घालतो, दर ऑगस्टात. तू विचारलंस त्याच्या आधीपासून. त्याने मला सांगून घातलंय. मी तुला खोटं सांगितलं."

ती रडेल, आरडाओरडा करेल, मॅडमना फोन लावेल, असं मला वाटलं होतं. तिने फक्त विचारलं, औषधाचं नाव काय. मी सांगितलं. तिने ते कागदावर लिहिलं आणि त्याकडे बघत बसली. मग म्हणाली, त्याची बाटली मिळेल का आत्ता?

मी स्कूटर काढली आणि राजिवड्याला गनीकडे गेलो. त्याने गोदामातून अर्धी बाटली काढून दिली, कशाला हे विचारलंही नाही. परत आलो तेव्हा तीन वाजले होते. वेदिकाने बाटलीतला एक थेंब घेतला, पातळ केला, पुन्हा पातळ केला आणि यंत्रात सोडला. आम्ही दोघं पडद्यासमोर बसलो. पाच मिनिटं, दहा मिनिटं, सपाट रेघ. बाराव्या मिनिटाला मी मनात देवाला हाक मारायला लागलो, नसू दे रे, हे ते नसू दे. एकोणतीस वर्षांत मी यंत्रापुढे हात जोडले नव्हते.

सतराव्या मिनिटाला रेघ वर चढली. तिने दीड वर्ष ज्याचं नाव शोधलं होतं तो उंचवटा, तसाच्या तसा, शेंड्यासकट. तिने जुना कागद त्याच्याशेजारी धरला. धरायची गरज नव्हती.

पंखा फिरत होता. मी म्हटलं, बाय, मला काहीतरी बोल, शिव्या दे. तिने दिल्या नाहीत. थकलेल्या आवाजात, पोराला गणित विचारावं तसं तिने विचारलं, "काका, तुम्ही घरी खाता तो आंबा याच झाडांचा?"

मला वाटतं त्याच क्षणी मी खरा पकडला गेलो. तोवर मी स्वतःची समजूत घातली होती की हे सगळं बोलण्याच्या ओघात झालं. पण आमच्याकडे मागीलदारी विहिरीजवळ एक कलम आहे, बारावं. ते करारात देत नाहीत. कोणीच देत नाही. ज्याच्या बागेत औषध पडतं, तो प्रत्येक जण एक झाड घरच्या तोंडासाठी बाजूला ठेवतो, आणि त्याला थेंबभरही काही घालत नाही. पोराबाळांनी, पाहुण्यांनी त्याचा आंबा खायचा. बाकीचा गावाबाहेर जायचा.

मी म्हटलं, नाही, घरचं झाड वेगळं.

"त्याच्याखाली पण गळतेच ना कैरी?"

"गळते."

"ती का नाही आणलीत मला?"

खरं होतं तेच सांगितलं. म्हटलं, ती घरात लोणच्याला लागते. करारातल्या झाडांची गळलेली कैरी आम्ही लोणच्याला घेत नाही.

ती माझ्याकडे बघत राहिली. गेले तीन उन्हाळे त्या लोणच्याची बरणी मी तिच्या खोलीवर पोचवत होतो, पोरीच्या तोंडाला चव नाही म्हणून. ते तिला आठवलं असणार, कारण तिचा चेहरा एकदम लहान मुलासारखा झाला. ती म्हणाली, "म्हणजे मला खायला तुम्ही चांगलं द्यायचात."

मी मान हलवली.

तिने तोंड धुतलं, ओढणीने पुसलं आणि मोबाइल उचलून पुण्याला लावला, त्या मोठ्या सरांनाच. मी तिथेच उभा होतो, दोन हातांवर. ती अगदी शांतपणे बोलत होती. सर, सोमवारच्या यादीतून माझं नाव काढा. नाही सर, तब्येत बरी आहे. नमुन्यांत बाहेरचं द्रव्य निघालं. आत्ताच तपासलं. पलीकडून ते काहीतरी विचारत होते. चूक कोणाची, कशी झाली, असंच असणार. बागमालकाची सही होती ना तुमच्याकडे, असंही असेल. टेबलावर ती तिन्ही पत्रकं होती, माझ्या सहीची. तिने त्यांच्याकडे बघितलं.

"माझीच चूक सर," ती म्हणाली. "मी नीट चौकशी केली नाही."

फोन तिच्या हातातून घ्यायला हवा होता. सर, ही पोरगी खोटं बोलतेय, चूक माझी आहे, मी सदानंद, परिचर, असं म्हणायला हवं होतं. चार वाक्यं. सही करायला लागतो त्यापेक्षा कमी वेळ. तोंड उघडलंही मी. पण निवृत्तीला एक वर्ष राहिलंय, चौकशी लागली तर पेन्शन अडकेल, हे सगळं मधेच डोक्यात येऊन उभं राहिलं, आणि ते बाजूला सारेपर्यंत तिने ठीक आहे सर म्हणून फोन ठेवला होता.

तिने यंत्र बंद केलं. बाटलीला चिठ्ठी लावली, तारीख घातली. मग घड्याळाकडे बघितलं आणि नेहमीच्या आवाजात म्हणाली, "काका, जा तुम्ही आता. काकी वाट बघत असतील."